हिरव्या टोकाला हिरवंच टोक

ग्रामपंचायतीपासून घरापर्यंत किंवा वावरातल्या गोठ्यापर्यंत इंटरनेटची फायबर, म्हणजे प्रकाशानं सिग्नल नेणारी काचेची बारीक तार, ओढायची असेल तर सिंगल मोडच घ्या, ती लांबवर सिग्नल नेणारी जात आहे. केबलवर जी.६५७ए छापलेलं आहे का, ते बघा. हा छाप असलेली फायबर वळण सोसते. तरी कोपऱ्यावर बांगडीएवढा गोलावा ठेवा, घडी पडू देऊ नका.

बाहेरून नेताना काळं, उन्हात टिकणारं आवरण हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घरातली पांढरी केबल छपरावर टिकत नाही. मृगाच्या आधी विजा पडतात, म्हणून मी स्टीलच्या तारेऐवजी एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) काडीची केबल घेतो. तिच्यात धातूच नसतो. धुऱ्यावरून जमिनीत पुरायची तर एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइपातून न्या, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि उंदीर तर आहेतच.

खरी गडबड जोडणीत होते. केबलच्या टोकाला कनेक्टर असतो. हिरवं टोक म्हणजे एपीसी जातीचा कनेक्टर, ८ अंश तिरकं घासलेलं. निळं यूपीसी, त्याला हा तिरकेपणा नसतो. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणूनच माणूस फसतो. हिरवं निळ्याला जोडलं की आत फट राहते आणि सिग्नल गळतो. जोडण्याआधी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते. घरच्या जोडणीत पॉवर मीटरवर (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र) उणे १५ ते उणे २५ डीबीएम (त्या ताकदीचं माप) दिसलं की चांगलं. उणे २७ च्या खाली, म्हणजे उणे २८, २९ असं गेलं तर आधी टोकं पुन्हा पुसा, मग वळणं तपासा.

चालू फायबरच्या टोकात डोकावून कधीही बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लेकरांनाही हे सांगून ठेवा.