शिरोलीच्या फौंड्रीतून लिंक्डइनवर: नव्याने लिहू लागणाऱ्यांसाठी

लिंक्डइनवर लिहून धंदा खरंच वाढतो का, असं मला कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली आणि उद्यमनगरातली तरुण मंडळी वरचेवर विचारतात. वाढतो. मात्र तो कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवायच्या, धंद्याच्या चालीनं वाढतो, रील्सच्या चालीनं नाही. एवढं आधीच ध्यानात घेतलं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हात टेकायची वेळ येत नाही.

आमची छोटी फौंड्री आणि तिला लागून मशिनशॉप आहे. बाबांनी उभं केलेलं. मार्केटिंग माझ्याकडे आल्यापासून मी नेमाने लिहिते आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या चौकशांमधला मोठा भाग आता तिथूनच येतो.

आमचा ग्राहक कोण, तर चाकण, होसूर, पिथमपूर अशा ठिकाणच्या कंपनीत बसलेला सोर्सिंगचा किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटचा माणूस. तो आज पोस्ट वाचून उद्या ऑर्डर देत नाही. आधी ड्रॉइंग येतं, मग कोटेशन, पॅटर्न (साचा उठवायचा नमुना), सॅम्पल, मापांचा रिपोर्ट, मटेरियलची टेस्ट, ट्रायल लॉट, आणि हे सगळं पार पडलं तर महिन्याचं शेड्यूल. चालू पुरवठादार बदलणं ही त्याच्यासाठी जोखीम असते, त्यामुळे त्याला सबळ कारण लागतं: रिजेक्शन वाढलं, डिलिव्हरी हुकली, नवीन मॉडेल आलं. त्या दिवशी त्याच्या डोक्यात पहिलं नाव आपलं यावं, एवढ्यासाठी लिहायचं. तो दिवस कधी उगवेल हे आपल्याला कळत नाही, आणि खंड पडू द्यायचा नाही तो याचसाठी.

आता काय लिहायचं. दसऱ्याला मशिनची पूजा झाली की फोटो जरूर टाकावा, मीही टाकते. आपल्या माणसांना बरं वाटतं. पण वर्षभर फक्त शुभेच्छा, पुरस्कार आणि नव्या मशिनचे फोटो टाकणारी पानं मी बघते तेव्हा हळहळ वाटते. याच लोकांच्या शॉपफ्लोअरवर इतकं ज्ञान पडून आहे की रोज लिहिलं तरी सरणार नाही.

मी टेबलावर एक वही ठेवते. ग्राहकानं फोनवर, मेलवर, ऑडिटला आल्यावर जे विचारलं ते त्याच्याच शब्दांत तिच्यात उतरवते. मशिनिंगसाठी किती अलाउन्स (जादा धातू) ठेवू? पॅटर्न लाकडी चालेल की ॲल्युमिनियमचाच करू? ड्रॉइंगवर एफजी 260 (बिडाची ग्रेड) लिहिलंय, मग जाड भागातून कापलेल्या तुकड्याची ताकद कमी का भरली? या शेवटच्या प्रश्नावर मी लिहिलं की आयएस 210 या बिडाच्या भारतीय मानकातला 260 हा आकडा वेगळ्या ओतलेल्या 30 मिमी व्यासाच्या टेस्ट बारची किमान ताण-ताकद सांगतो. जाड भाग सावकाश थंड होतो, त्यात ग्रॅफाइटचे पापुद्रे मोठे वाढतात, म्हणून तिथली ताकद कमी मिळते. एखादी जागा महत्त्वाची असेल तर ती ड्रॉइंगवरच नोंदवून घ्या, असंही लिहिलं. लाइक थोडे आले. पण एका डिझाइन इंजिनिअरनं ती पोस्ट आपल्या टीममध्ये फिरवली आणि मला मेसेज करून आणखी दोन प्रश्न विचारले. मी जपते ते असले वाचक.

एक पोस्ट कशी तयार होते ते सविस्तर सांगते. जुलैतली गोष्ट. फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) आलेल्या एका लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेली भोकं, दिसले. आमचे मोल्डिंगचे मामा या धंद्यात मुरलेले आहेत. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि भोकाच्या आतल्या गुळगुळीत, चकचकीत भिंतीवर नख फिरवलं. ‘ताई, ह्ये बघा, आतनं कसं गुळगुळीत हाय. ग्यास हाय ह्यो. वाळूत पाणी जास्त झालंय.’ मी विचारलं, श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) नाही कशावरून? ‘श्रिंकेज असतं तर आतनं खरखरीत असतं, मधमाशीच्या पोळ्यागत.’ मी तिथल्या तिथे मोबाइलवर दोन्ही दोषांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून फोटो घेतला. पार्श्वभूमीला मोल्डिंगची काळी वाळू, फ्लॅश बंद, उजेड एका बाजूनं, म्हणजे भोकाची खोली दिसते. मामांनी सांगितलं ते मराठीत जसंच्या तसं लिहून काढलं. त्यात वाळूच्या रिपोर्टमधला ओलावा जोडला: आम्ही साडेतीन ते चार टक्क्यांच्या आसपास ठेवतो, आणि पावसाळ्यात नवी वाळू ओली येते तेव्हा तो चढतो. मग आम्ही काय केलं ते: नवी वाळू वाळवून घेतली, ओलाव्याची तपासणी वाढवली, मोल्डला व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) वाढवले. शेवटी एकच प्रश्न: तुमच्याकडे पावसाळ्यात कोणता दोष वाढतो?

त्या पोस्टखाली कोइमतूर आणि राजकोटच्या फौंड्रीवाल्यांनी आपापले उपाय लिहिले. कास्टिंगच्या बाजारात हे आमचे स्पर्धकच. आणि ती सगळी चर्चा खरेदीवाले वाचत होते. दोष लपवणारा पुरवठादार त्यांना रोज भेटतो. दोष ओळखून त्याचं कारण सांगणारा क्वचित भेटतो. मामांची परवानगी घेऊन मी त्यांचा फोटोही टाकला होता. त्यांच्या नातवानं तो घरी सगळ्यांना दाखवला, आणि तेव्हापासून मामा स्वतःहून तुकडे बाजूला काढून ठेवतात.

बाबांना सुरुवातीला काळजी होती. ‘अगं, सगळी शिरोली बघंल, आपली युक्ती आपणच का वाटायची?’ त्यांची काळजी रास्त होती, म्हणून आम्ही बसून एक रेघ आखली. दोषाचं शास्त्र, मटेरियलच्या ग्रेड, तपासणीची पद्धत हे खुशाल लिहायचं; ते पुस्तकांत आणि मानकांत आहेच, रोजच्या रोज पाळणं अवघड असतं. ग्राहकाचं ड्रॉइंग, त्याचं नाव, पार्ट नंबर, दर आणि त्या विशिष्ट पार्टचं गेटिंग (धातू साच्यात जायच्या वाटांची रचना) मात्र कधीच बाहेर जाणार नाही. फोटो टाकण्याआधी कास्टिंगवरचा उठावदार नंबर आणि मागच्या फळ्यावरचं शेड्यूल दिसत नाही ना, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. गुप्ततेचा करार असेल तर लेखी परवानगीशिवाय त्या कामाचा तुकडाही दाखवू नका. त्या एका फोटोपायी ग्राहक कायमचा जाऊ शकतो.

लिखाणाच्या तांत्रिक बाजूवर फार अडू नका. पोस्टला 3,000 अक्षरांची मर्यादा आहे, आपल्याला त्याच्या निम्मीही लागत नाहीत. फीडमध्ये पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचं वाचायला क्लिक करावं लागतं, म्हणून मुद्दा पहिल्याच ओळीत यावा. ‘आम्हाला कळवण्यास आनंद होतो की’ या सुरुवातीत त्या ओळी वाया जातात. क्रमाक्रमानं काही दाखवायचं असेल, समजा कोअरबॉक्सपासून (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) तयार कास्टिंगपर्यंत, तर फोटोंची पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून टाकावी. वाचणारा पानं उलटत जातो.

भाषेचं म्हणाल तर मी विचार मराठीत करते, लिहितेही आधी मराठीत. होसूरच्या माणसाला कळावं म्हणून मग साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी करते. माणसं हवी असतात तेव्हा मात्र मूळ मराठीच टाकते. आयटीआयची मुलं ती वाचून येतात आणि मुलाखतीत पोस्टमधलंच काही विचारतात, तेव्हा फार बरं वाटतं.

कंपनीचं पेज काढा, पण लिहा स्वतःच्या प्रोफाइलवरून. पेजला कुणाला कनेक्शनची विनंती पाठवता येत नाही, माणसाला येते. आणि खरेदीवाला बोलतो तो माणसाशी. नावाखालच्या ओळीला 220 अक्षरं मिळतात. तिथं नुसतं ‘डायरेक्टर’ किंवा ‘प्रोप्रायटर’ लिहून जागा घालवू नका. कोणतं मटेरियल, किती किलोपर्यंतचं कास्टिंग, मशिनिंगसह की कच्चं, आणि कोल्हापूर, एवढं तिथं हवं. शोधणारा हेच शब्द टाकून शोधतो.

सातत्यासाठी माझा नेम साधा आहे: आठवड्याला दोन पोस्ट. शनिवारी दुपारनंतर वही उघडायची, दोन प्रश्न निवडायचे, लिहायचं आणि शेड्यूल करून ठेवायचं. लिंक्डइनवर ती सोय आहेच. रोज लिहायचा संकल्प करणारे बरेच जण महिन्यातच गळतात, असं मी आजूबाजूला पाहिलंय. त्यापेक्षा ज्यांच्याशी काम करायचंय अशा इंजिनिअर लोकांच्या पोस्टवर रोज पंधरा मिनिटं नीट, माहितीपूर्ण कमेंट करा. ओळख तिथूनच होते. कनेक्शन स्वीकारल्या स्वीकारल्या कॅटलॉग पाठवू नका, कृपा करून.

हे फक्त लोखंडाच्या धंद्यालाच लागू आहे असं नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमुळे तिची जगभर चर्चा झाली. अशा वेळी परदेशातला खरेदीदार शोधायला लागतो. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कातडं कसं कमावतात, हातशिलाई कशी असते, हे ज्याच्या प्रोफाइलवर आधीपासून लिहिलेलं असेल त्याच्यापर्यंत तो पोचण्याची शक्यता जास्त. हुपरीच्या चांदीवाल्यांनी, गुळाच्या निर्यातदारांनीही याचा विचार करावा.

आपल्या भागाच्या अडचणीही उघड बोलाव्यात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. बाहेरच्या ग्राहकाच्या मनात तो प्रश्न असतो, तो विचारो न विचारो. म्हणून दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी लिहिते: कोणत्या पार्टचा साठा आधी बनवून ठेवतो, तो पुण्याकडच्या गोदामात कधी हलवतो, पंचगंगेची पातळी वाढू लागली की ग्राहकाला कोण फोन करतं. एका नव्या ग्राहकानं आम्हाला निवडताना याच पोस्टचा उल्लेख केला होता.

किती लोकांनी पाहिलं हा आकडा मी बघते, पण त्यावरून मोजमाप करत नाही. प्रोफाइल कोणत्या हुद्द्याच्या लोकांनी पाहिलं, मेसेजमध्ये कोणते प्रश्न आले, आणि कोटेशन मागताना कुणी ‘तुमचं वाचतो’ म्हणालं का, हे वहीच्या मागच्या पानांवर टिपते.

आणि पहिली चौकशी आली की लगेच दर कळवायची घाई करू नका. वार्षिक मागणी किती, मटेरियलची ग्रेड कोणती, कास्टिंगचं वजन किती, पॅटर्नचा खर्च कोण करणार आणि पॅटर्न मालकीचा कुणाचा, तपासणी कुठल्या मापांची, हे आधी विचारा. शक्य असेल तर ड्रॉइंगवर खुणा करून, कुठं जाडी अचानक बदलते आणि कुठं कोपऱ्याला गोलाई वाढवली तर रिजेक्शन कमी होईल, हे कोटेशनसोबतच पाठवा. पोस्टमधून त्यानं ज्या माणसाला ओळखलंय, तोच माणूस त्याला त्या मेलमध्येही भेटला पाहिजे.