मुलांना गरवायला (गळाने मासे धरायला) शिकवताय? या चुका टाळा

मोठा गळ म्हणजे मोठा मासा, हा समज पहिल्याच दिवशी काढून टाका. चिलापीचं (तिलापिया माशाचं) तोंड लहान असतं. गळ मोठा असला की ती आमिष कुरतडून नेते आणि ‘इथं मासेच नाहीत’ म्हणत पोर कंटाळतं. १० नंबरचा गळ पुरतो. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे आधीच सांगा. दुकानात मुलं नेमकं उलटं मागतात. अख्खं गांडूळ लावू नका, टोक झाकेल एवढाच तुकडा घ्या. दोरीवरचं तरंगणारं बूचही मोठं नको. ते खाली ओढताना जोर लागला की मासा आमिष सोडून देतो.

मासा लागला आणि गळासकट गेला, तर दोष बहुतेक वेळा गाठीचा असतो. तंगूस (नायलॉनची दोरी) गळाच्या डोळ्यातून ओवा, टोकाचे दोरीभोवती पाच-सहा वेढे घ्या, गळालगतच्या फटीतून टोक काढा, थुंकी लावून हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते, तंगूस तिथंच कमजोर होतो.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. दोरी ढिली सोडली नाही तर मासा सुटत नाही, आणि बोटात रुतलेला गळ सहज निघतो. माशाने गळ गिळलाच तर आत बोटं घालून उपसू नका, कल्ले फाटतात. तोंडाजवळ दोरी कापा. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताला त्याचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथं बुरशी धरते. खायचा असेल तर लगेच डोक्यावर टोला घालून मारा. पिशवीत तडफडत ठेवणं मुलांना दाखवूच नका.

सगळ्यात मोठी चूक वलगणीची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे धरण्याची. पहिल्या पावसात मासे भातखाचरांकडे चढतात ते अंडी घालायला. हाताला सहज लागतात म्हणून मुलांना तेव्हाच नेलं जातं, आणि बरीचशी पोटं गाभोळीने (अंड्यांनी) भरलेली निघतात. ते दिवस नुसतं बघायला न्या. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड इथं देवीचे म्हणून मासे धरत नाहीत. तिथं डोहातले मोठे मासे जवळून दिसतात.

सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

विजेच्या तारांखाली काठी उचलू देऊ नका. निघताना तंगुसाचे तुकडे बाटलीत भरून घरी आणा. बगळ्यांच्या पायात तेच अडकतात.