घरात कॅन्सरचा इतिहास आणि आता स्तनात गाठ लागतेय? या चुका टाळा

आई, मावशी किंवा आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेलेली असली, की गाठ हाताला लागल्यावर बाई दोनपैकी एक काहीतरी करते. एक तर महिनोन्‌महिने कुणाला कळू देत नाही, नाहीतर दुसऱ्याच दिवशी येऊन पेट स्कॅन (अख्ख्या शरीरात कॅन्सर शोधणारी तपासणी) लिहून मागते. स्तनविकारांच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बसते, त्यामुळे दोन्ही प्रकार रोज बघते. तेच तेच सांगून झालं, म्हणून आता लिहून काढतेय.

घराण्यात कॅन्सर आहे म्हणून तुमची गाठ कॅन्सरचीच असेल असं नाही. तपासायला येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या निघतात, फायब्रोअ‍ॅडिनोमा (तरुण वयात होणारी, कॅन्सर नसलेली घट्ट गाठ) किंवा पाण्याच्या. पण ती साधी आहे हे घराण्याचा इतिहास सांगू शकत नाही, शेजारीण सांगू शकत नाही आणि नुसतं चाचपून डॉक्टरही सांगू शकत नाहीत. इतिहासावरून एवढंच ठरतं की किती लवकर आणि किती खोलात जाऊन तपासायचं. म्हणून तो पूर्ण सांगावा लागतो, आणि पहिली चूक तिथेच होते.

“आईकडे कुणालाच नव्हता”

या एका वाक्याने जेवढं नुकसान होताना पाहिलंय तेवढं दुसऱ्या कशाने नाही. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? बाई आई आणि मावश्या आठवते आणि “नाही” म्हणून मोकळी होते. वडिलांकडची माणसं हिशेबातच नसतात. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांत दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. हे जनुक अनुक्रमे १९९४ आणि १९९५ मध्ये शोधले गेले, आणि त्यांतला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. वडील स्वतः ठणठणीत असू शकतात, आणि आत्या मात्र तरुणपणीच गेलेली असते.

छत्तिशीतली एक बाई आली होती. छोटी, गोल, हाताखाली सरकणारी गाठ. फॉर्मवर कौटुंबिक इतिहासापुढे स्वच्छ अक्षरात “नाही”. सोनोग्राफीत कडा गुळगुळीत दिसल्या, तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरलं. तिच्या वयाला आणि त्या फॉर्मला धरून ते योग्यच होतं. सोबत वडील आले होते. निघता निघता मी त्यांना सहज विचारलं, तुमच्या बाजूला कुणाला काही? ते म्हणाले, “माझी धाकटी बहीण छातीच्याच आजाराने गेली, चाळिशीही गाठली नव्हती. आणि आई पोटाच्या कॅन्सरने.” मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. आपल्या लहानपणीच आत्या वारली एवढंच तिला ठाऊक होतं, कशाने ते घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. आजीचे जुने कागद मागवले, तर त्यावर पोट नव्हतं, अंडाशय होतं.

सहा महिने थांबायचं तिथेच रद्द झालं आणि त्याच आठवड्यात सुईची बायोप्सी झाली. कॅन्सर निघाला. पुढे जनुकतपासणीत बीआरसीए १ मधला दोषही सापडला. या दोषातून होणाऱ्या गाठी पुष्कळदा अशाच गोल आणि नीटस कडांच्या असतात, सोनोग्राफीत साध्या गाठीसारख्या दिसतात. म्हणूनच डॉक्टरांना इतिहास ठाऊक असेल तर “बघू सहा महिन्यांनी” याऐवजी ते लगेच सुई घालायचं ठरवू शकतात. ती बाई उपचार पूर्ण करून आता नियमित तपासणीला येते. वडील सोबत आले नसते तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. फॉर्म भरण्याआधी बाईला बाहेर बसवते आणि दोन्हीकडच्या सर्वांत वयस्क माणसाला फोन करायला लावते. कागदावर तीन पिढ्या, आई आणि वडील दोघांकडच्या. प्रत्येकापुढे नातं, कोणत्या अवयवाचा कॅन्सर, कितव्या वर्षी निदान झालं, एका स्तनात की दोन्ही. वय अंदाजे चालेल, पण “म्हातारपणी” असं लिहू नका. अंडाशय, स्वादुपिंड, प्रोस्टेट हे सगळं लिहा. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर सगळ्यात वर लिहा. “पोटाचा” किंवा “आतड्याचा” असं कुणी मोघम सांगितलं, तर जुनी फाइल शोधायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. “एवढा वेळ कुणाला आहे” म्हणणाऱ्यांनाही मी उठू देत नाही.

“रिपोर्ट नॉर्मल आलाय”

मॅमोग्राफी स्वच्छ आली की माणसं पेढे वाटल्यासारखे फोन करतात. गाठ मात्र जागच्या जागी असते. तरुण स्तनात ग्रंथी दाट असतात. दाट ग्रंथी मॅमोग्राफीत पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती लपू शकते. हाताला गाठ लागते आणि चित्रात काही नाही, तर प्रश्न सुटलेला नाही. सोनोग्राफी करा, गरज पडली तर एमआरआय, आणि शेवटी सुई. डॉक्टरांचा हात, चित्र आणि पेशींचा तपास या तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळलं पाहिजे. एक जरी वेगळं बोललं तर मी पुन्हा डॉक्टरांकडे पाठवते.

रिपोर्टच्या तळाशी बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे चित्रात कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा, तो वाचताना तर फारच घोळ होतो. ० म्हणजे “धोका शून्य” असं समजून घरी गेलेल्या बायका मला माहीत आहेत. ० चा अर्थ तपास अपुरा आहे, आणखी चित्रं हवीत. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, म्हणून थोड्या महिन्यांनी पुन्हा बघायचं. पण घराण्याचा इतिहास जड असेल तर इथेच डॉक्टरांना विचारा, बायोप्सी आताच करायची का. ४ आणि ५ ला बायोप्सी.

“गेल्या वर्षीच तर तपासलं होतं” हेही कारण नको. गेल्या वर्षीच्या तपासणीत या वर्षीची गाठ कशी दिसेल?

“आधी जीन टेस्ट करून घेते”

घाईवाल्यांची ही लाडकी चूक. जनुकतपासणी तुमचा आयुष्यभराचा धोका सांगते, हाताला लागणारी गाठ काय आहे ते सांगत नाही. दोष सापडला तरी गाठ साधी असू शकते. दोष नसला तरी कॅन्सर असू शकतो. अहवालाला काही आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात गाठ तशीच राहते. दोन्ही कामं सोबत चालवा, गाठीचा तपास त्यासाठी अडवू नका.

शक्य असेल तर घरातल्या ज्या व्यक्तीला कॅन्सर झाला आहे तिची तपासणी आधी करावी. तिच्यात कोणता दोष आहे हे कळलं, की तुमच्या अहवालातल्या “नाही” ला अर्थ येतो. नाहीतर “दोष सापडला नाही” या वाक्यावर विसंबून माणूस गाफील होतो. घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवायच्या किटवर माझा विश्वास नाही. त्यातली काही मोजकेच बदल तपासतात आणि समजावून सांगायला समोर कुणी नसतं. रक्तातल्या सीए १५-३ वरून (स्तनाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) निदान करायला निघालेल्यांनाही हेच सांगणं. ही तपासणी त्यासाठी नाही.

थोडक्यात, पण तितक्याच महत्त्वाच्या

दुखत नाही म्हणून काही नाही, असं समजू नका. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

“पाळी झाल्यावर बघू” एकदा ठीक, पण अपॉइंटमेंट आजच घेऊन ठेवा. पाळी कायमची गेल्यावर नवी गाठ लागली तर एक दिवसही थांबू नका.

स्तन लाल, गरम, सुजलेला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी. अँटिबायोटिक दिलं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरलं नाही, तर दुसरं अँटिबायोटिक नको, बायोप्सीचं विचारा. दूध पाजणाऱ्या आईलाही हेच लागू.

एकाच बाजूच्या स्तनाग्रावर न बरी होणारी खाज, खपली. मलमाच्या ट्यूबवर ट्यूब संपवू नका.

स्तनाग्रातून आपोआप, एकाच बाजूने, रक्तासारखं किंवा पाण्यासारखं येत असेल तर दाखवा. आणि रोज दाबून बघणं बंद करा, दाबलं की थोडंफार येतंच.

सुई घातली की कॅन्सर पसरतो, या भीतीपायी बायोप्सी टाळलेल्या बायका मी फार उशिरा आलेल्या पाहिल्या आहेत. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीने आजार पसरत नाही. न केल्याने निदान मात्र लांबतं.

“एकदाची काढूनच टाका”

भीतीपोटी घेतलेला हा निर्णय. लहानसं ऑपरेशन, गाठ बाहेर, विषय संपला असं वाटतं. ती कॅन्सरची निघाली तर मात्र सगळं उलटं पडतं. किती भाग काढायचा, काखेतल्या गाठींचं काय, आधी केमो द्यायची का, हे काहीच न ठरवता कापलेलं असतं आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. आधी जाड सुईची बायोप्सी, मग निर्णय. त्या तुकड्यावरच ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन) बघता येतात आणि उपचार त्यावर ठरतो.

याहून वाईट म्हणजे काढलेली गाठ “साधीच दिसतेय” म्हणून पॅथॉलॉजीला न पाठवणं. हे आजही घडतं. ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा: गाठीची बाटली कोण पाठवणार, कोणत्या प्रयोगशाळेत, अहवाल कधी. अहवालावरचा नंबर आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) कुठे ठेवलाय ते फाइलमध्ये लिहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असो की उद्या बहिणीची तपासणी करायची असो, पहिली मागणी त्याचीच होते.