गोगलगाय अन् पोटात कल्ले: फोटोवरून फायलिडिया कशी ओळखायची

सोलापुरात गोगलगाय म्हटलं की लोकांना सोयाबीनवरची शंखी आठवते, त्यामुळं मी रात्री जेवण झाल्यावर समुद्रातल्या गोगलगायींचे फोटो झूम करून बघत बसतो हे कळल्यावर कारखान्यातले कारागीरसुद्धा हसतात. हसू दे. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पुढं, पण गड्ड्याची जत्रा संपली की ओळखीतलं कुणी ना कुणी अंदमानला जातंच, हॅवलॉकला डायव्हिंग करतं, आणि मग व्हॉट्सॲपवर काळ्या-निळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेल्या कसल्यातरी लोळ्याचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं "हे काय आहे सांग की". तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

असा फोटो आला तर ती बऱ्याचदा फायलिडिया व्हॅरिकोसा असते नाहीतर तिची चुलत बहीण. बिनशंखाची समुद्री गोगलगाय. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला बारका शंख असतो, मोठं होताना टाकून देतं. आता ही व्हॅरिकोसा की चुलत बहीण हे ठरवताना सगळे जी चूक करतात ती म्हणजे रंगावर जातात. आमचा चादरींचा धंदा आहे म्हणून सांगतो, गिऱ्हाईक रंग बघतं आणि आम्ही चादर उलटी करून वीण बघतो, काठ बघतो. इथंही तसंच करायचं, फक्त जनावर उलटं करायचं नाही, ते का ते खाली येईलच.

आधी ती गोगलगाय आहे का हेच बघा. हसू नका, इथंच निम्मे लोक फसतात. चपटे कृमी असतात समुद्रात, त्यातला एकजण तर हुबेहूब या कुळासारखे काळ्यावर फोड असलेले कपडे घालून फिरतो. पण तो पापडासारखा पातळ असतो, कडेला लाटा उठतात आणि डोक्यावर खरी शिंगं नसतात, पुढची कड दुमडून शिंगांचा आव आणलेला असतो. दुसरा ठग म्हणजे समुद्रकाकडीचं पिल्लू. पियर्सनोथुरिया ग्रॅफी नावाची एक समुद्रकाकडी आहे, मोठी झाल्यावर तपकिरी-करडी अगदी साधी दिसते पण लहानपणी निळसर पांढरी, काळ्या रेघा, पिवळी टोकं, म्हणजे व्हॅरिकोसाची नक्कलच. तिला शिंगं नाहीत आणि खाली सपाट तळव्याऐवजी बारीक बारीक नळ्यांचे पाय. हे सगळे नक्कल का करतात तर फायलिडिया विषारी आहे. ती स्पंज खाते आणि स्पंजमधलं विष स्वतःच्या अंगात साठवते, छेडलं की चिकट घाण वासाचा स्राव सोडते. मासे आणि खेकडे-कोळंबीसारखे जीव त्यानं मरतात हे 1963 सालीच छापून आलंय. म्हणून कुणी पराक्रम करून बादलीत बाकीच्या जनावरांबरोबर ठेवायला जाऊ नका, आणि बोटानं उलटवायलाही नको.

ठीक, गोगलगाय आहे हे ठरलं, आता कल्ले शोधा. प्रवाळातल्या बऱ्याच रंगीत गोगलगायींच्या, उदाहरणार्थ क्रोमोडोरिस, पाठीवर मागच्या बाजूला फुलासारखा कल्ल्यांचा तुरा असतो, फोटोत लगेच दिसतो. फायलिडियाच्या पाठीवर असं काहीच नाही. आपल्याकडं म्हणतात ना गोगलगाय अन् पोटात पाय, तर हिचे कल्लेसुद्धा पोटाकडं, पाठीची जी झालर खाली येते तिच्या आत दोन्ही बाजूंनी पानांची चळत लावल्यासारखे. ग्रीकमध्ये फायलॉन म्हणजे पान, नावाचा संबंध तिथला आहे. पाठीवर तुरा नाही आणि अंग चामड्यासारखं कडक, गाठी गाठींचं असेल तर तुम्ही बरोबर घरात आलात.

आता शिंगं. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. पुढच्या बाजूला वर दोन दांडके असतात, त्यांनी ती पाण्यातला वास घेते. झूम करून त्यांचा रंग बघा. पिवळीधमक असतील तर फायलिडिया. काळी असतील तर बहुतेक फायलिडिएला, म्हणजे शेजारचं घर. जनावर घाबरलं की शिंगं खिशात घातल्यासारखी आत ओढून घेतं आणि नेमका तोच फोटो आपल्याकडं येतो. अशा वेळी दोन खळगे दिसतात फक्त, त्यावरनं काही बोलू नये.

मी बोललो होतो, म्हणून सांगतो. पहिल्याच वर्षी मेव्हण्यानं बारा मीटरवर काढलेला एक फोटो पाठवला, काळं अंग आणि त्यावर निळसर करडे फोड. मी फोटोखाली ठणकावून लिहिलं व्हॅरिकोसा, आणि वर दोन माणसांना समजावूनही सांगितलं. नंतर कळलं की टॉर्चच लावला नव्हता. पाण्यात खाली जाल तसा लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो, त्यामुळं गुलाबी वस्तू करडी-निळी दिसते, ते फोड गुलाबी होते. आणि शिंगं? काळी कुळकुळीत, फोटोत स्वच्छ दिसत होती, मीच बघितली नव्हती. ती निघाली फायलिडिएला पुस्ट्युलोसा. म्हणजे पुस्ट्युलोसा गटातली एक, कारण डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती लपल्यात असं दिसलंय, नुसत्या फोटोवरनं त्या वेगळ्या करणं अवघड काम. नन्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यात गवतात हललेल्या प्रत्येक गोष्टीला माळढोक म्हणणाऱ्या पोरांवर मी हसायचो, तेव्हापासून बंद केलं.

शिंगं पिवळी निघाली की मग पाठ. व्हॅरिकोसाच्या पाठीवर निळसर करड्या रंगाचे लांबलचक वरंबे असतात, पुढून मागं जाणारे, मधल्या सऱ्या काळ्या, आणि वरंब्यावर ओळीनं गाठी, प्रत्येक गाठीच्या टोकाला पिवळा ठिपका. उसाच्या रानात सरी-वरंबा पाडलेला बांधावरनं बघितलाय ना, तसं. कडेला गेल्यावर वरंबे तुटतात आणि सुट्या गाठी होतात. लामार्कनं 1801 मध्ये तिला व्हॅरिकोसा नाव दिलं ते या फुगलेल्या वरंब्यांना शोभणारं, व्हेरिकोज व्हेन्समधलंच व्हेरिकोज ते. आयुष्यभर मागावर उभं राहून माझ्या वडिलांच्या पोटऱ्यांवर ज्या निळ्या दोऱ्या उठल्यात त्या बघितल्यापासून हे नाव मला पाठ करावं लागलं नाही.

वरंबे लांब नसून पाठभर गुलाबीसर गाठी आणि त्यांची टोकं पिवळी असतील तर फायलिडियातल्याच दुसऱ्या जातीकडं, एलेगन्सकडं जा. सोनेरी पिवळ्या अंगावर काळ्या कड्या, कडीच्या आत पांढरट गाठ असेल तर ऑसेलाटा, ही त्यातल्या त्यात सोपी पण नक्षी दर नगाला वेगळी असते. खरी डोकेदुखी सीलेस्टिस. तीही निळसर, तिलाही वरंबे, पिवळी टोकं, शिंगंही पिवळीच. वरंबे कमी असतात आणि अंगानं ती लहान राहते, व्हॅरिकोसा दहा सेंटीमीटरपर्यंत जाते. पण फोटोत साईज काय कळणार, शेजारी काही ठेवलेलं नसलं तर. खात्रीची खूण तळव्यावर आहे. व्हॅरिकोसाच्या पायाच्या तळव्याला मधोमध लांब काळी रेघ असते, सीलेस्टिसला ती नसते. (एलेगन्सलाही काळी रेघ असते, म्हणून नुसता तळवा बघून निकाल देऊ नका, पाठ आणि तळवा दोन्ही जुळले पाहिजेत.)

आता म्हणाल उलटं न करता तळवा बघायचा कसा. थांबायचं. ती दगडाच्या धारेवरनं पलीकडं जाताना पुढचा भाग उचलते आणि हवेत, म्हणजे पाण्यात, इकडंतिकडं हुंगते, तेव्हा कॅमेरा खाली नेऊन समोरनं एक क्लिक. तेवढ्यात प्रवाळावर गुडघा टेकवू नका, तरंगता येत नसेल तर राहू दे तो फोटो. निघायच्या आधीच डायव्हरला सांगून ठेवायचं की टॉर्च लावून एक फोटो वरनं पूर्ण अंगाचा, एक शिंगांचा जवळनं, एक बाजूनं अगदी खाली जाऊन, आणि जमलं तर ती कशावर बसलीय त्या स्पंजचा. लोक वरनं पंधरा काढतात आणि खालनं एकही नाही. बाजूच्या फोटोत झालरीखाली कल्ल्यांची किनारसुद्धा दिसते कधीकधी, ती दिसली की मला चहा प्यायल्यासारखं वाटतं.

अजून एक खूण आहे, घरात बायकोसमोर मोठ्यानं वाचू नका. व्हॅरिकोसाची शी करायची जागा पाठीवर मागच्या टोकाजवळ असते, बारीक उंचवटा दिसतो. या कुळात काहींची ती खाली पोटाकडं असते. फोटो फार चांगला असेल तरच दिसतं हे.

सगळं बघून झालं की आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवजंतूंचे फोटो टाकून ओळख पटवायच्या वेबसाईटवर टाका, ठिकाण आणि खोली लिहा, आणि तळवा दिसला नसेल तर नुसतं फायलिडिया एवढंच लिहा, पुढचा शब्द मोकळा ठेवा. कमीपणा नाही त्यात. मेव्हण्याचा यंदाचा फोटो असाच अडकलाय, शिंगं पिवळी, वरंबे तीन-चार, पण वरनंच काढलेला, सीलेस्टिस का व्हॅरिकोसा सांगता येईना. त्याला आता पाण्यातला टॉर्च घेऊन दिलाय. दिवाळीत परत चाललाय, बघू खालनं काढतो का.