स्विमिंग पूलचा पंप सोलरवर चालवताय? पॅनेल लावण्याआधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात बेलापूरच्या पारसिक हिलवरच्या एका बंगल्यात जाणं झालं. गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसून तीन महिने झाले होते. वीजबिल मात्र जवळपास होतं तिथेच होतं आणि पूलचं पाणी हिरवट दिसायला लागलं होतं. काकू म्हणाल्या, "दादा, सोलरमध्येच काहीतरी खोट आहे." सोलर ठणठणीत होतं. खोट निघाली पंपाच्या खोलीत.

पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल. म्हणजे साधारण ४३ हजार लिटर पाणी. त्यावर २ एचपीचा पंप बसवलेला. सोलर लागल्यावर वीज आता फुकटच आहे असं धरून त्याची वेळ पाच तासांवरून दहा तास केली होती. २ एचपीचा पंप तासाला जवळपास २ युनिट ओढतो, म्हणजे रोजचे २० युनिट. ३ किलोवॉटची पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतात. वाढवलेल्या पाच तासांनीच त्यातले १० युनिट गिळले.

बहुतेक ठिकाणी मला हाच उलटा क्रम दिसतो. आधी पॅनेल ठरतात, पंपाकडे कोणी बघतच नाही. खरं तर पाण्यापासून सुरुवात करायला हवी. घरगुती पूलचं सगळं पाणी दिवसातून एकदा, फार तर दीडदा फिल्टरमधून गेलं की सहसा पुरतं. पाइपिंग नीट असेल तर १ एचपीचा पंप तासाला १२ हजार लिटरच्या आसपास पाणी फिरवतो. या पूलला चार ते साडेपाच तास पुरे, म्हणजे रोजचे फार तर साडेपाच-सहा युनिट. बाकीची वीज घराला उरते.

पाइपिंग नीट असेल तर, असं मुद्दाम म्हटलं. दोन इंची पाइपाच्या जागी दीड इंची टाकला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाचा अडथळा चौपटीच्या आसपास जातो. प्लंबरने वाचवलेले थोडे पैसे मग पंप रोज वसूल करत राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. त्या बंगल्यात टायमर रात्री नऊ ते सकाळी सात असा लावलेला होता आणि क्लोरीन सकाळी पंप बंद झाल्यावर पडायचं. उघड्या पूलमधलं साधं क्लोरीन कडक उन्हात काही तासांतच बरंचसं उडून जातं. म्हणजे शेवाळाला ऊन मिळतं तेव्हा पाणी स्थिर आणि क्लोरीनही नाही! नेट मीटरिंग (लाइनला दिलेली जादा सोलर वीज बिलातून वजा होण्याची सोय) असेल तर रात्री चालवलेल्या पंपाचे युनिटही हिशोबात वळते होतात, पण पाण्याच्या तब्येतीसाठी दिवसाच चालवणं बरं. सकाळी दहा ते दुपारी तीन हा माझा नेहमीचा सल्ला. पॅनेल भरात असतात आणि क्लोरीनची गरजही तेव्हाच जास्त. क्लोरीन उन्हात टिकावं म्हणून सायन्युरिक ॲसिड वापरतात, पण मोजून. ते जास्त झालं की क्लोरीनच मंदावतं.

जमेल त्यांनी व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा पंप घ्यावा. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज हिशोबाने एक-अष्टमांश लागते. प्रत्यक्षात थोडी जास्त, तरी दुप्पट वेळ चालवूनही मोठी बचत होते. मात्र जुन्या सिंगल फेज कपॅसिटर मोटरला बाहेरून ड्राइव्ह (वेग बदलणारं उपकरण) जोडून वेग कमी करायला जाऊ नका. मोटर तापते, जळते. आणि बॅकवॉशला, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायला, पूर्ण वेगच लागतो. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने चढला की बॅकवॉश करा.

"वीज गेली की सोलर असूनही पंप बंद पडतो," ही तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकतो. हा बिघाड नाही. महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) लाइन मेली की मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. त्यासाठी बॅटरी घेऊ नका. १५० एएच, १२ व्होल्टच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात आणि लेड-ॲसिड असेल तर रोज त्यातले निम्मेच काढावेत. चार तासांच्या पंपाला अशा चार-पाच बॅटऱ्या लागतील. पूलचं पाणी दोन तास थांबल्याने काही बिघडत नाही.

लाइनला न जोडता पॅनेलवर थेट चालणारा डीसी पंपही मिळतो. तो घ्यायचा तर खास पूलचाच घ्या. काही जण शेतातला सौर पंप आणून बसवतात. तो खोल विहिरीतून पाणी वर चढवायला बनवलेला असतो. पूलला कमी उंचीवर भरपूर पाणी फिरवणारा, कचरा अडवणारी बास्केट असलेला पंप हवा. शिवाय पीएम सूर्य घर योजनेचं अनुदान, २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉट वा जास्त असेल तर कमाल ७८ हजार रुपये, हे लाइनला जोडलेल्या घरगुती सोलरलाच आहे.

सावलीची पाहणी मे महिन्यात उरकू नका. मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली दिसतच नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो भर दुपारीही ४७-४८ अंशांवरच असतो. तेव्हा गच्चीवरची टाकी किंवा दक्षिणेकडचा नवा टॉवर पॅनेलवर सावली टाकतो आणि सावलीतलं एक पॅनेल त्या ओळीतल्या बाकीच्यांनाही खाली खेचू शकतं. ठाणे खाडीच्या वाऱ्यात खार असतो, म्हणून स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा. पॅनेल सकाळी लवकर, साध्या पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे डाग बसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन उन्हाळ्याच्या जवळपास निम्म्यावर येतं, झड लागली तर आणखी खाली. पालापाचोळा नेमका तेव्हाच पडतो आणि पावसाच्या पाण्याने क्लोरीनही पातळ होतं. पंपाची वेळ पावसाळ्यात कमी करू नका. थेट डीसी पंपवाल्यांनी लाइनवर चालवायची सोय आधीच करून ठेवावी.

वायरिंगच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. पॅनेलच्या डीसी बाजूला एसीसाठीचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) कधीही लावू देऊ नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, आग लागते. पंपाला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं उपकरण) हवंच. पंपाजवळच्या ओल्या फरशीवर उघडा जोड किंवा टेप गुंडाळलेली वायर दिसली, तर तो जोड दुरुस्त होईपर्यंत मुलांना पाण्यात उतरवू नका. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. दाबल्यावर पंप बंद पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.