नवीन छोटी ब्रुअरी नीट फॉलो कशी करायची, टेस्टिंग रूममधल्या पहिल्या ग्लासपासून

पुण्यात नवीन क्राफ्ट ब्रुअरीची (म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या जागेची) टेस्टिंग रूम उघडली की पहिले दोन वीकेंड पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांच्या स्टोरीत तोच छोट्या ग्लासांचा सँपलर ट्रे दिसतो, आणि महिन्याभरात तीच मंडळी पुढच्या जागी गेलेली असतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण छोट्या ब्रुअरीची मजा पहिल्या महिन्यात कळतच नाही, ती कळते तुम्ही तीच बिअर पाचव्यांदा पिता तेव्हा, पहिल्याच घोटाला जाणवतं की अरे यावेळी काहीतरी वेगळं लागतंय, आणि ते काय हे तुम्हाला सांगता येतं. तिथपर्यंत कसं पोचायचं ते सांगते. फार पैसे लागत नाहीत, थोडा धीर लागतो.

आधी थोडं मागचं. 2009 मधे डूलाली या ब्रुअरीने पुण्यात कॉरिंथियन्स क्लबमधे ताजी बिअर बनवून तिथेच द्यायला सुरुवात केली, तोपर्यंत आपल्याकडे बिअर मागवताना स्ट्राँग की माइल्ड एवढाच प्रश्न असायचा. मग 2014 ला मुंढव्यात इंडिपेन्डन्स आली, पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्ससारखे लोक आले, मूनशाईनने तर मधापासून मीड बनवायला घेतली (ती बिअर नाही, पण त्याच कुटुंबातली समजा). म्हणजे शहरात आता या विषयातलं कळणारी माणसं आहेत, शिकायला लांब जावं लागत नाही.

पहिली गोष्ट विचारायची ती म्हणजे बिअर बनते कुठे. काही ठिकाणी काचेपलीकडेच स्टीलच्या टाक्या दिसतात, काहींचा प्लांट दुसरीकडे असतो आणि टेस्टिंग रूमला केग (बिअरचे स्टीलचे पिंप) येतात. दोन्हीत वाईट काही नाही, पण केग येत असतील तर ते गार राहतात का आणि टॅपचे पाइप किती दिवसांनी साफ होतात हे महत्त्वाचं ठरतं. निदान दर दोन आठवड्यांनी तरी पाइप साफ व्हायला हवेत असं मानतात. हा प्रश्न विचारायला लाजू नका, चांगल्या ठिकाणी लोक खूश होऊन उत्तर देतात.

जायचं ते मंगळवारी-बुधवारी, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी. शनिवारी रात्री काउंटरवरच्या मुलाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि डीजे चालू असेल तर वास आणि चव दोन्हीकडे लक्ष लागत नाही. दुपारी गेलात तर कधीकधी ब्रूअर (बिअर बनवणारा) स्वतः टाक्यांपाशी असतो, तेव्हा दोन मिनिटं बोलता येतं. पोटात काहीतरी घालून जा पण तिखट नको, शेंगदाणा चटणी किंवा चमचमीत मिसळ खाऊन गेलात तर पुढचा अर्धा तास जिभेला काही कळणार नाही. डिओ आणि अत्तरही त्या दिवशी कमीच.

सँपलर घ्या, म्हणजे चार-पाच छोटे ग्लास येतात, आणि हलकीपासून जडकडे जा. क्योल्श (हलकी जर्मन बिअर) किंवा लागर (गार तापमानाला बनणारी साधी बिअर) आधी, मग गव्हाची हेफेवाइझन, मग बेल्जियन विट (तीही गव्हाचीच), मग कडवट आयपीए, शेवटी काळी स्टाउट. उलटं केलंत तर स्टाउटच्या भाजक्या कडू चवीनंतर क्योल्श पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही उगाच म्हणाल की यांची लाइट बिअर फालतू आहे. दोन ग्लासांच्या मधे साधं पाणी.

आधी ग्लास बघा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, स्वच्छ ग्लासात फेस खाली उतरताना काचेवर कडी कडी ठेवत जातो. मग वास घ्या, घोट घ्यायच्या आधी, कारण अर्धी चव तिथेच असते. हेफेवाइझनमधे केळं आणि लवंग आली पाहिजे, आणि खरं म्हणजे त्यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग, ते दोन्ही वास यीस्ट बनवतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला तेच सांगत होते. विटमधे मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल असते, आपल्या नाकाला धणे लगेच ओळखू येतात, तिथून सुरुवात करा.

आता चुका ओळखायच्या, कारण नवीन ब्रुअरीत सुरुवातीला चुका होतातच आणि त्या ओळखता आल्या की तुम्ही उपयोगी गिऱ्हाईक होता. लोण्यासारखा किंवा पॉपकॉर्नच्या बटरसारखा वास आला तर तो डायअ‍ॅसिटिल, बरेचदा बिअर टाकीतून घाईने काढल्यामुळे किंवा पाइप घाण असल्यामुळे येतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बहुतेक आंबवणं पूर्ण झालेलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास बहुतेक उकळण्याच्या टप्प्यावरचा असतो, ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर जुनी झाली किंवा तिला हवा लागली. एका ठिकाणी मला पेल एलमधे (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला बनणारी बिअर) स्पष्ट लोणी लागलं, मी ते तिथे हळूच सांगितलं तर उत्तर मिळालं की मॅडम ही स्टाइलच अशी असते. नसते हो. काही इंग्लिश एलमधे ते किंचित चालतं, पण घोटभर पिऊन जिभेवर तेलकट थर राहिला तर ती चूकच. त्या जागी मी परत तीन आठवड्यांनी गेले, नवीन बॅच एकदम साफ होती, आणि मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी पूर्ण पिंट (अर्ध्या लिटरच्या आसपासचा मोठा ग्लास) मागवला.

यातूनच मुद्द्याचं येतं. त्यांच्या मेन्यूवरची एक बिअर निवडा, शक्यतो साधी, क्योल्श किंवा पेल एल, आणि दर वेळी गेलात की ती आधी प्या. नवीन, सीझनल, आंब्याची, कॉफीची जे काय असेल ते नंतर. साध्या बिअरमधे लपायला जागा नसते, फळ नाही, मसाला नाही, भाजका माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही, त्यामुळे ब्रूअरचा हात कसा बसतोय ते तिथेच दिसतं. एक छोटी वही ठेवा किंवा फोनमधे नोट, बिअरच्या नोंदी ठेवायचं अनटॅप्ड अ‍ॅप वापरत असाल तर तेही चालेल, पण चार स्टार पाच स्टार देऊन थांबू नका, तारीख, बॅच कधीची (विचारलं की सांगतात), वास, पहिला घोट, गिळल्यानंतर काय राहिलं, एवढं मराठीत आपल्या शब्दात लिहा. माझ्या वहीत एका बिअरपुढे "पावसाळ्यात वाळत न घातलेल्या टॉवेलचा वास" असं लिहिलंय आणि मला ती बॅच आजही आठवते. पुस्तकातले शब्द पाठ करून लिहिलेलं आठवत नाही.

बॅचचं गणित असं, साधी एल तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, लागरला त्याहून जास्त, दीड महिना सहज, कारण ती गार तापमानाला सावकाश बनते. त्यामुळे छोट्या ठिकाणी तुमची बिअर महिन्यातून एकदा नव्याने बनत असेल तर महिन्यातून एकदा गेलं तरी पुरतं, रोज जायची गरज नाही. आणि टॅप लिस्टवर लागर अचानक दोन आठवडे गायब झाली तर चिडू नका, ती टाकीत आहे. उलट वेळ लागतोय म्हणून बिअर अडवून धरणाऱ्या जागेवर माझा जास्त विश्वास बसतो.

सीझनचं बोलायचं तर आपल्याकडे खरी गंमत आहे. एप्रिल-मे मधे हापूस, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोकम, जांभूळ, नाचणी, हे सगळं बिअरमधे जाऊ शकतं. पोहेसुद्धा! पोहे म्हणजे भिजवून, भाजून चपटे केलेले तांदूळ, त्यामुळे ते वेगळे शिजवावे लागत नाहीत, सरळ माल्टबरोबर गरम पाण्यात टाकता येतात आणि बिअर हलकी, कोरडी होते. घरी बिअर करणाऱ्या लोकांना हे माहीत असतं. ब्रूअरला विचारा की फळ कधी घातलं, आंबवताना की नंतर, आणि ताजं की पल्प. उत्तरावरून बरंच कळतं. आणखी एक विचारा, माल्टचा उरलेला चोथा कुठे जातो. बरेचदा तो जनावरांना खायला जातो, आणि ज्याला गोठेवाला कधी येतो ते माहीत असतं तो माणूस कामात पूर्ण बुडालेला असतो.

घरी न्यायची असेल तर 2020 च्या लॉकडाऊनमधे ग्राऊलरमधून (बिअर भरून न्यायच्या मोठ्या बाटलीतून) ताजी बिअर पार्सल न्यायला परवानगी मिळाली होती, तुमच्या जागी आता देतात का ते विचारा. नेलीत तर फ्रीजमधे उभी ठेवा, उघडल्यावर त्याच दिवशी संपवा, न उघडता दोन दिवस, त्यापुढे नको. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवली तर संपलं.

नियमांचं पटकन. आपल्या राज्यात बिअरसाठी वय 21 पूर्ण पाहिजे, आयडी जवळ ठेवा, परमिटही काढून ठेवा. 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाचे दिवस हे ड्राय डे असतात, बाहेरगावच्या मित्राला घेऊन जाताना कॅलेंडर बघा. आणि गाडी चालवू नका, कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सँपलर छोटा दिसतो पण पाच ग्लास मिळून पिंटच्या आसपास जातं आणि त्यातली एखादी आठ टक्क्यांची असते. रिक्षा करा.

सहा महिने झाले की एक दिवस त्याच वारी त्याच वेळेला जा, तीच पहिली बिअर मागवा, आणि वही उघडू नका. आधी नवीन पानावर आजचं सगळं लिहून काढा, ग्लास संपू दे, मग मागे जाऊन पहिलं पान वाचा. काय बदललंय ते ब्रूअरला दाखवा, वहीसकट.