लग्नाचा बँड कसा ठरवावा: बैठकीपासून बोळवणीपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पंधरा माणसांचा बँड ठरला होता. मांडवासमोर टेम्पो थांबला आणि उतरली नऊ माणसं. त्यातल्या दोघांच्या हातात नुसते खुळखुळे. मालक म्हणाला, "बाकीचे मागून येऊ लागलेत." मागून कुणी आलं नाही. परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आला आणि सव्वा वाजता त्या नऊ जणांनीही वाद्यं आवरायला घेतली, कारण संध्याकाळची त्यांची दुसऱ्या गावात सुपारी होती. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, पण पाहुणे वाटेत अडकलेले. शेवटची मंगलाष्टका झाली तेव्हा दोन वाजले होते. अक्षता पडल्या आणि मांडवात एकही वाद्य वाजलं नाही. वडील मांडवाच्या खांबाला हात लावून उभे होते, ते मला अजून दिसतं.

भांडायला गेलो तर आमच्या हातात काही नव्हतं. आम्ही फक्त पैशाचा आकडा ठरवला होता. माणसं किती, कुठून कुठपर्यंत, किती वाजेपर्यंत, यातलं काहीच बोललो नव्हतो. त्यानंतर घरातल्या आणि भावकीतल्या बऱ्याच लग्नांत बँडचं काम माझ्याकडे आलं. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

बैठकीतच विचारून घ्या

लग्न जमवायच्या बैठकीत याद होते, म्हणजे कुणी काय करायचं ते लिहिलं जातं. मांडव, जेवण, कपडे, आहेर सगळं लिहितात आणि बँड राहून जातो. मग ऐनवेळी मुलाकडचे म्हणतात, "आम्हाला वाटलं तुमच्याकडे आहे." बँड कुणी आणायचा, पैसे कुणी द्यायचे, आणि लग्न एका जिल्ह्यात व वऱ्हाड दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर बँड कुठला घ्यायचा, हे यादीत एका ओळीत येऊ द्या. माझं मत विचाराल तर लग्न ज्या गावात आहे त्याच्या आसपासचा बँड घ्यावा. त्याला रस्ते माहीत असतात, एखादा वादक आजारी पडला तर तो तासाभरात दुसरा उभा करू शकतो आणि येण्याजाण्याचा खर्च वाचतो.

कोणत्या कामाला कोणतं वाद्य

"बँड सांगायचाय" म्हणताना आपल्या मनात नेमकं काय असतं ते आधी घरात बोलून घ्या. हळद, परण्या, लग्न लागताना आणि नंतरची वरात या चारही वेळांना एकच वाजंत्री चालत नाही.

हळदीला अंगणात हलगी आणि संबळ पुरतात. हलगीवाले वाजवायच्या आधी थोडं गवत किंवा कागद पेटवून त्यावर हलगी शेकतात. ऊब लागून कातडं ताणलं जातं आणि आवाज टणत्कार करत उठतो. त्यासाठी त्यांना अंगणाचा एक कोपरा द्या, पण मांडवाच्या कापडापासून लांब. देवाचा जागरण-गोंधळ मात्र विधी आहे. त्याला गोंधळीच लागतात आणि त्यांची सुपारी वेगळी द्यावी लागते. तुळजाभवानीचा हा आमचा मराठवाडा, आणि गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामबापू कदम परभणीचेच, त्यामुळे चांगले गोंधळी शोधायला फार लांब जावं लागत नाही.

परण्याला आणि वरातीला पितळी बँड हवा. त्यात ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल आणि झांज असते. अलीकडे बहुतेक बँडबरोबर गाडी येते. गाडीवर स्पीकर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि एक गायक. बँजो पार्टी हा आणखी एक प्रकार. कळा दाबून तारा छेडायचं ते वाद्य स्पीकरला जोडलेलं असतं. पोरांना त्यावर नाचायला आवडतं आणि माणसं कमी असल्याने ते स्वस्तही पडतं. लग्न लागताना मात्र सनई-चौघडाच कानाला बरा वाटतो. बजेट असेल तर दोन तासांसाठी खरे सनईवाले बोलवा.

डीजेबद्दल एवढंच सांगतो. डीजेला समोर कोण नाचतंय हे कळत नाही. चांगला बँडमास्तर नवरदेवाची आजी पुढे आली की हाताने खूण करून चाल निम्म्यावर आणतो, आजी दोन पावलं नाचते आणि सगळा गाव टाळ्या वाजवतो. माणसं वाजवायला आणायची ती यासाठी.

तिथी धरली की लगेच फोन

तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते. दाट तिथीला एकाच दिवशी आजूबाजूच्या दहा गावांत लग्नं असतात आणि चांगले बँड त्या तिथीला आधीच गेलेले असतात. पत्रिका छापायची वाट पाहू नका. उन्हाळ्यातल्या तिथीला तीन-चार महिने आधी सुपारी द्यावी. फोनवर पहिला प्रश्न पैशाचा विचारू नका. विचारा, "त्या दिवशी तुमची दुसरी सुपारी आहे का?" आहे म्हणाला तर कुठे, किती वाजता, आणि दोन्हीकडे तीच माणसं का, हे विचारा. तो गडबडला तर दुसरा बँड बघा.

ऐकल्याशिवाय विसार देऊ नका

मालक मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. ड्रेस झकास, लाइट झकास, गर्दी नाचतेय. त्या व्हिडिओतले वादक तुमच्याकडे येतीलच असं नाही. त्याच्याकडून पुढच्या आठवड्यातल्या लग्नाचं गाव विचारा आणि तिथे जाऊन रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहा. चांगला बँडवाला स्वतःच म्हणतो, या, ऐका.

ऐकताना तीन गोष्टी पाहा. गायक थांबला आणि नुसती वाद्यं उरली की गाणं ओळखू येतं का? किती जण खरंच वाजवतात आणि किती जण नुसता ड्रेस घालून चालतात? मोजा. आणि एक गाणं संपून दुसरं सुरू होताना ताल तुटतो का? ताल तुटला की नाचणारे थांबतात, मिरवणूक विस्कटते, मग सगळा वेळ माणसं गोळा करण्यात जातो.

शक्य असेल तर वाजवून झाल्यावर वादकांशीही दोन शब्द बोला. वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारे लोक मास्तरच्या भुवईवर चालतात. रोजंदारीवर गोळा केलेले एकमेकांची नावंही विचारत असतात.

सुपारी: कागदावर काय हवं

माझ्या बहिणीच्या लग्नात जे चुकलं ते इथेच. स्टॅम्पपेपर लागत नाही. वहीचं एक पान, दोन्हीकडच्या सह्या आणि त्याचा मोबाइलवर फोटो, एवढं पुरतं. मालक म्हणेल, "दादा, विश्वास नाही का?" त्याला सांगा की विश्वास आहे म्हणून तर सुपारी देतोय, कागद फक्त आठवणीसाठी. प्रामाणिक माणूस यावर रागावत नाही, कारण चिठ्ठी त्यालाही वाचवते. कबूल केलेल्या तीन तासांचे पाच तास करून घेणारे यजमान मी पाहिले आहेत.

लिहायचं ते असं. तारीख, वार, गाव आणि मांडवाची जागा. वाजवणारी माणसं किती आणि कोणती वाद्यं किती. "पंधरा माणसं" एवढंच लिहिलं की गाडीचा ड्रायव्हर, लाइट धरणारी पोरं आणि जनरेटरवालाही त्यातच मोजला जातो, म्हणून "वाजवणारे पंधरा" असंच लिहा. पोहोचायची वेळ आणि वाजवायची वेळ वेगळी लिहा. परण्या दहाला असेल तर बँड नऊला दारात हवा. सुटायची वेळ घड्याळावर न लिहिता कार्यक्रमावर लिहा: "अक्षता पडून जेवणाची पंगत बसेपर्यंत". आपल्याकडे मुहूर्त आणि प्रत्यक्ष लग्न यांत किती अंतर पडतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. अर्थात त्याला कायमचं बांधून ठेवता येत नाही, म्हणून पुढच्या ओळीत वाढीव तासाचा दर लिहा.

मग खर्च. गाडीचं डिझेल, जनरेटरचं तेल, वादकांचं येणं-जाणं, जेवण, हे रकमेत धरलंय की वेगळं? नाचताना ओवाळून टाकलेल्या नोटा कुणाच्या? रिवाजाने त्या बँडच्याच असतात, पण काही ठिकाणी मालक त्या रकमेच्या हिशेबात धरतो आणि शेवटी वाद होतो. एक ओळ लिहून टाका.

विसार ठरल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त देऊ नये असं मी मानतो. मोबाइलवरून पाठवलात तर नोंद आपोआप राहते. लग्न पुढे गेलं, घरात दुःखद घटना झाली किंवा अवकाळी पाऊस आला तर विसाराचं काय, हेही आधीच बोलून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये गारपीट झाली की मांडव आणि बँड दोन्ही जागेवर अडकतात.

परवानगी आणि दहाची वेळ

रस्त्यावरून वरात आणि स्पीकरची गाडी जाणार असेल तर पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, मार्ग आणि तुमचा फोन नंबर लिहा. लग्नपत्रिका जोडा. शिक्का मारलेली प्रत वरातीबरोबर असणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवा, घरच्या कपाटात नको.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. आणि "स्पीकर बंद केलाय, नुसतं वाजवतोय" हेही चालत नाही, कारण २०१० च्या दुरुस्तीने वाद्यंसुद्धा त्यात आली. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, आणि जवळून वाजणारा बँड त्याच्या बराच वर जातो. म्हणून निदान दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या परिसरात नुसतं चालत जायचं, हे मास्तरला आधी सांगून ठेवा. आमच्या वाटेवर बाळंतिणीचा दवाखाना होता. मास्तरने शंभर पावलं आधीच हात वर केला आणि सगळी वरात मुकाट्याने पुढे गेली. कुणाला वाईट वाटलं नाही.

सिनेमाच्या गाण्यांच्या परवान्याबद्दल कुणी घाबरवलं तर सांगा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. वाढदिवसाची किंवा कंपनीची पार्टी या सुटीत बसत नाही. तिथे हॉटेलवाल्याला परवान्याचं विचारून घ्या.

गाणी

दहा-बारा गाणी तुम्ही सांगा, बाकी मास्तरवर सोडा. यादी दोन आठवडे आधी द्या, कारण नवीन गाणं बसवायला त्यांना वेळ लागतो. नको असलेली गाणीही सांगा. दोन गावांची, दोन जातींची, दोन धर्मांची माणसं एका वरातीत असतात, एखाद्या गाण्याने तेढ होणार असेल तर ते यादीतच खोडा. मारुतीच्या पारावर काय वाजवायचं आणि मंगलाष्टका सुरू झाल्या की एकदम शांत व्हायचं, हे वेगळं बजावून ठेवा.

त्या दिवशी

बँडशी बोलायला घरातला एकच माणूस ठेवा, जो नाचणार नाही आणि ज्याचा फोन लागेल. सगळे मामे, चुलते आणि नवरदेवाचे मित्र मास्तरला हुकूम देऊ लागले की तो बिचारा कुणाचंच ऐकत नाही. त्या माणसाने आदल्या दिवशी मार्ग पायी फिरून यावा. लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, गाडी वळणार नाही अशी गल्ली, खोदलेला रस्ता दिसला की फोटो काढून मास्तरला पाठवावा. गाडीवरचे उंच लाइट आणि तारा यांचा खेळ जिवावर बेततो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. एका म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याने एकदा भर दुपारी माझ्या हातात त्याचं वाद्य दिलं. "धरून बघा, दादा." मला ते दोन मिनिटंही धरवलं नाही. तो ते ओठाला लावून दीड तास चालला होता. पितळ तापलं, आतली हवा तापली की सूर चढतो. कीबोर्डचा सूर जागचा हलत नाही, म्हणून मग दोघांचं जमेनासं होतं आणि आपण म्हणतो बँड बेसूर आहे. म्हणून परण्या सकाळी दहाच्या आत काढा. वाटेत झाडाखाली एक थांबा ठेवा, तिथे गार पाण्याचे जार, लिंबू-साखर आणि मीठ तयार ठेवा. तिथे दहा मिनिटं थांबू द्या. फुंकणाऱ्याचे ओठ सुजले की पैसे वाढवूनही आवाज निघत नाही.

आणि त्यांना जेवायला वेळेवर बसवा. पाहुण्यांची शेवटची पंगत उठेपर्यंत उपाशी ठेवून उरलंसुरलं वाढणं मी पाहिलंय आणि ते मला सहन होत नाही. पहाटे चारला घर सोडून आलेली माणसं असतात ती. अक्षता पडल्या की त्यांची पंगत सगळ्यांबरोबर बसू द्या, तेच ताट, तीच बुंदी.

हिशेब

बोळवणीला मोठा ढोल नको. फक्त क्लॅरिनेट आणि हलका साइड ड्रम, हे सुपारीच्या वेळीच सांगा. नवरी गाडीत बसायच्या आधी, माणसं अजून सैरभैर झालेली नसताना, त्या एका माणसाने मास्तरला बाजूला घेऊन माणसं आणि तास चिठ्ठीशी ताडून पाहावेत, वाढीव वेळ झाला असेल तर जोडावा, माणसं कमी आली असतील तर तेवढं वजा करावं आणि उरलेली रक्कम हातात द्यावी. मग त्याच चिठ्ठीखाली मास्तर लिहितो "पूर्ण पावले", सही करतो आणि क्लॅरिनेटवाल्याला सुरुवात करायची खूण करतो.